त्या खुर्चीवरून ऊठ

पोर्ट हॅलम, ओहायो
५ सप्टेंबर

कॅझ,

पाकिटावरचा पत्ता शेजारच्या मिसेस नोवाककडून लिहून घेतला आहे. माझं अक्षर पाहून तू ते न फोडताच टोपलीत टाकलं असतंस, आणि इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर तेवढा अपमान करून घ्यायची माझी तयारी नाही. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

मंगळवारच्या पेपरात तुझं नाव आलं. ब्रँडरीथ प्लेटिंग कंपनीने आपल्या बचावासाठी 'कोलंबसचे नामवंत वकील कॅसिमिर म्रोझ' यांना नेमलं म्हणे. नामवंत! तू लोकांची मृत्युपत्रं करतोस आणि दुकानांचे भाडेकरार लिहितोस. मुलाम्याच्या कारखान्याचं विषारी क्रोम विहिरीत कसं उतरतं आणि माणसाच्या मूत्रपिंडात जाऊन काय करतं, यातलं तुला ओ की ठो कळत नाही. शाळेत सिस्टर हायसिंथाने रसायनशास्त्रात तुला वर ढकललं ते माझ्या आणि मावशीच्या पुण्याईवर, कारण आम्ही दोघी तिच्याच हाताखालून गेलो होतो. कंपनीकडे पहिल्यापासून चार वकील आहेत. खटला चार वर्षं चालला आहे. आणि सुनावणी तोंडावर आल्यावर त्यांना अचानक तुझी आठवण झाली. ती का झाली, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

खटला लिओकाडिया मावशीसमोर आहे. फेडरल न्यायाधीशाचा सख्खा भाचा एखाद्या बाजूने वकील म्हणून उभा राहिला, तर न्यायाधीशाने खटला सोडायचा, असा नियम आहे. नियम चांगला आहे. तो लबाडीला जागा राहू नये म्हणून केला, आणि या लोकांनी त्यालाच लबाडीचं हत्यार बनवलं. त्यांनी वकील नेमलेला नाही, कॅझ. मावशीला खुर्चीवरून उठवायला भाचा भाड्याने घेतला आहे.

ती उठली तर काय होईल? खटला क्लीव्हलंडच्या कुठल्यातरी न्यायाधीशाकडे जाईल. तो बिचारा कागदांचा ढीग पहिल्या पानापासून वाचायला घेईल. दोन वर्षं गेली असं समज. कंपनीला दोन वर्षं परवडतात. ओडेसा पेटीफोर्डला परवडत नाहीत. पूर्वेकडच्या वस्तीतून जन्मभर शाळेची बस चालवणारी ही बाई आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि डायलिसिसवर जगते आहे. वस्तीने कंपनीवर भरलेला खटला तिच्याच नावाने आहे. मी प्रसूतीच्या वॉर्डात हेड नर्स होते, मूत्रपिंडांचं मला फार कळत नाही. पण माणूस किती दिवसांचा सोबती आहे हे चेहऱ्यावरून कळतं.

मावशीला हे पत्र ठाऊक नाही आणि कळता कामा नये. खटल्याबद्दल घरात कुणी अक्षर काढलं तर तिला ते दोन्ही बाजूंना सांगावं लागतं. तुझे वडील गेल्यापासून आम्ही एका घरात राहतो, एका टेबलावर जेवतो, पण तिच्या कोर्टात काय चाललंय ते मला पेपरातून कळतं. मंगळवारचा पेपर तिनेही वाचला. नीट घडी घातली आणि म्हणाली, "जेनिया, तुझा कांदा करपतोय."

कांदा करपत नव्हता.

कंपनीच्या टेबलाशी तुला दिलेल्या त्या खुर्चीवरून ऊठ. एवढंच सांगायचं होतं.

आई


पोर्ट हॅलम
१७ सप्टेंबर

कॅझ,

उत्तर नाही. ठीक. तुझं मौन मी तुझ्या लग्नापासून ऐकते आहे, आता त्यातले सूरही ओळखता येतात. यावेळच्या मौनात थोडी लाज आहे असं मला वाटतं. चुकत असेन तर लिहून कळव.

तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. 'मावशीने माझ्यासाठी काय केलं?' लग्नाच्या दिवशी तिची खुर्ची रिकामी होती, तेवढंच तू धरून बसला आहेस. म्हणून आज तुला तिच्याविषयी चार गोष्टी सांगते, ज्या तिने स्वतः तुला कधीच सांगितल्या नसत्या.

लॉ कॉलेजात ती गेली तेव्हा डीनने पहिल्याच दिवशी विचारलं, "मिस बारिल्स्की, एका पुरुषाची जागा अडवून तुम्ही काय साधताय?" ही म्हणाली, "त्याने माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवले असतील तर आत्ता उठते." कुणी मिळवले नव्हते. पुढे सरकारी वकील झाली. मग राष्ट्राध्यक्षांनी फेडरल न्यायाधीश म्हणून तिचं नाव सुचवलं, आणि एफबीआयचा एक गुळगुळीत दाढीचा माणूस आमच्या गल्लीत घरोघर चौकशी करत फिरला. माझ्याकडे आला तेव्हा मी बटाट्याचं सारण भरलेली ताटभर पिएरोगी पुढे ठेवली. त्याने ती खाल्ली नाहीत. लाच वाटली असावी.

"मिस बारिल्स्कींचा काही दोष सांगता येईल का, मॅडम?"

"पत्त्यांत लबाडी करते," मी म्हटलं.

त्याने ते लिहून घेतलं! मावशी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. नंतर म्हणाली, "लबाडी करत नाही. तू पत्ते लोकांना दिसतील असे धरतेस."

तिची नेमणूक झाली तेव्हा मला वाटलं, आता आपल्या घराण्याला बरे दिवस आले. आले कसले! सुरुवात पत्त्यांच्या अड्ड्यापासून झाली. त्यातल्या दोघींचे नवरे वकील होते, म्हणून तिने तो सोडला. चाळीस वर्षांच्या मैत्रिणी, त्यांना काय वाटलं असेल? मग चर्चच्या जत्रेत केक विकणं बंद केलं. न्यायाधीशाने कुठल्याही कामासाठी लोकांकडे पैसे मागायचे नाहीत, मग ते देवाच्या घराचं छप्पर का असेना. फादर झिगमंट हात जोडून म्हणाले, "लोडी, नुसती स्टॉलमागे उभी राहा, मागायचं काम मी करतो." ती म्हणाली, "फादर, मी उभी राहिले तर कुणाची नाही म्हणायची हिंमत होईल?" दुपारी चेंबरमध्ये दार लावून एकटी अंड्याचं सँडविच खाते. सिस्टर हायसिंथाची मठातली खोली तरी बरी, तिथे निदान इतर नन होत्या.

ज्या दिवशी कुणाला तुरुंगात धाडते त्या दिवशी रात्रीचं जेवण नाही. तळ्याच्या काठाने चालून येते, चहा घेते, झोपते. मी एकदा म्हटलं, "तू उपाशी राहिल्याने त्याची शिक्षा कमी होणार आहे का?" तर म्हणाली, "नाही. पण मला भूक लागली असती तर मला माझी काळजी वाटली असती." आणि परदेशातून आलेल्या लोकांना नागरिकत्वाची शपथ द्यायची असली की आदल्या दिवशी स्वयंपाकघरात फेऱ्या मारत त्यांची नावं पाठ करते. सोमाली, व्हिएतनामी, युक्रेनी, कुठलीही असोत. म्हणते, "या देशाने बाबांचं नाव पहिल्याच दिवशी मोडून ठेवलं. माझ्या कोर्टात कुणाचं मोडणार नाही."

आता लग्नाचं. तुझा सासरा तेव्हा तिच्यासमोर प्रतिवादी होता. ज्युरी बसली होती, खटला अर्ध्यावर आला होता. त्याच्या मांडवात जेवून दुसऱ्या दिवशी त्याचा न्याय करणं तिला शक्य नव्हतं, आणि खटला सोडला असता तर दोन्हीकडच्या लोकांना सगळं पुन्हा भोगावं लागलं असतं. म्हणून आली नाही. तुझ्या सासऱ्याने हातात ग्लास घेऊन भर मेजवानीत काय म्हटलं? "जजबाईंची हरकत मंजूर, पण जेवण चालू राहील!" सगळे हसले. तूही हसलास. मी उभी राहून म्हटलं, "तुमचा खटला चुकून तिच्याकडे गेला हे नशीब समजा, तुमच्यासारखा न्यायाधीश मिळाला असता तर तुम्ही फाशी गेला असतात." तू माझ्याकडून माफीची अपेक्षा केलीस. मी मागितली नाही, आजही मागत नाही. महिन्याभराने खटल्याचा निकाल लागला आणि तो जिंकला. आभाराचं कार्ड आलेलं मला तरी आठवत नाही.

त्या दिवशी मावशी काय करत होती हे तू कधी विचारलं नाहीस. पहाटेच्या मिसेच्या प्रार्थनेला त्याच चर्चमध्ये गेली. तुमची फुलं आदल्या संध्याकाळीच लावून झाली होती. तुझ्या लग्नासाठी शिवलेला निळा ड्रेस घालून ती त्या फुलांत एकटी बसली, तुमच्या दोघांसाठी मेणबत्ती लावली आणि पाहुणे यायच्या आत घरी परतली.

हे तुला रडवायला लिहीत नाही. मला रडणारे पुरुष आवडत नाहीत. तू कुणाला उठवायला निघाला आहेस ते कळावं म्हणून लिहिते आहे.

आई


पोर्ट हॅलम
२९ सप्टेंबर

कॅझ,

काल फोन केलास, बरं वाटलं. इतकं ओरडलास तेही बरं वाटलं. गप्प बसणाऱ्या मुलापेक्षा ओरडणारा परवडला. पण फोनवर तू निम्मं ऐकत नाहीस, म्हणून पुन्हा लिहिते.

तू म्हणालास, "आई, सगळे असंच करतात. मोठ्या फर्ममध्ये याला कुणी पाप म्हणत नाही."

मी म्हटलं, "पाप म्हणत नसतील. मग काय म्हणतात?"

"डावपेच."

"आणि त्यांनी तुला कशासाठी घेतलं? तुझ्या डोक्यासाठी?"

मग तू म्हणालास, "नाही. मावशीसाठी घेतलं. मला माहीत आहे. कंपनीचा खटला चालवणाऱ्या फर्मच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं: तुला एक ओळही लिहायची नाही, नुसतं बसायचं. खटला हलला की मी फर्ममध्ये भागीदार होतो. आता झालं समाधान?"

नाही झालं. पण खरं बोललास. तुझ्यात अजून ती एक सवय शिल्लक आहे.

आणि पुढे म्हणालास, "नियम तिचेच आहेत ना! त्याच नियमापायी ती माझ्या लग्नाला आली नाही. आता त्याच नियमाने जाऊ दे घरी. पंच्याहत्तरी ओलांडली, काम केलं नाही तरी पगार चालूच राहणार आहे. कशाला बसते?"

कशाला बसते? काम न करता तोच पगार मिळत असताना जी बाई रोज सकाळी कोर्टात जाते, ती पगारासाठी बसत नाही, एवढं गणित तुला जमायला हरकत नव्हती. आणि नियमाबद्दल म्हणशील तर, तिने नियम स्वतःच्या आनंदावर चालवला. तू तो दुसऱ्याच्या मूत्रपिंडावर चालवतो आहेस. हा फरक कळायला लॉ कॉलेज लागत नाही.

आता नीट ऐक. तू फोनवर जे कबूल केलंस ते मी ऐकलं आहे. शुक्रवारपर्यंत तुझं नाव मागे घे. नाही घेतलंस तर मी पलीकडच्या वकिलाकडे, मिस्टर अझारकडे जाईन, आणि कोर्टात बायबलवर हात ठेवून तुझे शब्द जसेच्या तसे सांगेन. सख्ख्या मुलाविरुद्ध साक्ष देताना माझा आवाज कापणार नाही. वॉर्डात मी डॉक्टरांनासुद्धा बाहेर काढलेलं आहे.

आई


पोर्ट हॅलम
५ ऑक्टोबर

कॅझ,

शुक्रवार गेला. मी सोमवारी मिस्टर अझारकडे गेले. ब्रिज स्ट्रीटवर त्यांच्या भावाच्या बेकरीवर ऑफिस आहे, जिन्यात तिळाचा वास येतो. आत ओडेसा पेटीफोर्डही बसली होती, गुडघ्यावर ब्लँकेट, डोक्यावर रविवारची हॅट.

मी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. "मी जेनेव्हीव्ह म्रोझ. न्यायाधीशांची बहीण. त्या नव्या वकिलाची आई. त्याने मला फोनवर..."

"थांबा!" अझार इतक्या जोरात ओरडले की त्यांची कॉफी सांडली. "बाईसाहेब, देवाशपथ, पुढे एक शब्द बोलू नका!"

"का? मला साक्ष द्यायची आहे."

"तुम्ही साक्षीदार झालात तर न्यायाधीशांना त्याच क्षणी खटला सोडावा लागेल. नियम फक्त वकिलासाठी नाही. जवळचं नातलग साक्षीदार असलं तरी तेच. तुम्ही सख्ख्या बहीण! तुमच्या मुलाचं काम तुम्ही त्याच्या आधी कराल."

मी खाली बसले. आयुष्यात मला क्वचितच कुणी बोलताना थांबवलं आहे, आणि ज्याने थांबवलं तो बरोबर होता असं तर त्याहून क्वचित. मी अझारांना मदत करायला गेले होते आणि हातात काडेपेटी घेऊन गेले होते.

"मग दुसऱ्या न्यायाधीशाकडून त्या मुलाला हाकला," मी म्हटलं.

"प्रयत्न केला. मुख्य न्यायाधीश म्हणाले, अशिलाने कुठला वकील घ्यावा हे कोर्ट सांगणार नाही. आता एकच माणूस काही करू शकतो, आणि तो पलीकडच्या टेबलाशी बसतो. एकवीस तारखेला सकाळी त्याचं नाव कागदावर असेल, तर न्यायाधीश आत येतील, दोन ओळी वाचतील आणि उठून जातील. ज्युरीही नाही या खटल्यात, निकाल त्यांनीच द्यायचा होता. म्हणून तर कंपनीला त्या नको आहेत."

ओडेसाबाई इतका वेळ माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तुम्ही त्याची आई?"

"हो."

"लहानपणी ऐकायचा तुमचं?"

"नाही."

"माझेही नाही ऐकायचे. बसमध्ये चाळीस असायचे, एक नाही ऐकायचा." मग हॅट सारखी करत म्हणाली, "त्याला माझा एक निरोप द्या. मी मरायला तयार आहे, पास्टरशी सगळं बोलून झालंय. पण त्याच्या साहेबांच्या सोयीने मरणार नाही. मला साक्षीच्या त्या खुर्चीवर बसून सांगायचंय की मी त्या विहिरीचं पाणी माझ्या हाताने माझ्या पोरींना पाजलं. दुसऱ्या कुणी कागदावर वाचून दाखवायचं नाही. मी स्वतः सांगणार."

निरोप दिला. शब्द तिचे आहेत, मी एकही बदललेला नाही.

साक्षीची धमकी मी मागे घेते. नीतीने नव्हे, नियमाने. माझ्याकडे आता तुला भीती घालायला काहीही उरलेलं नाही, त्यामुळे सरळ मागते. ऊठ.

आई


पोर्ट हॅलम
२० ऑक्टोबर

कॅझ,

हे पत्र टपालाने उद्याच्या आत पोचणार नाही, म्हणून हॉटेलच्या काउंटरवर स्वतः ठेवून येते आहे. तुम्ही सगळे हार्बर हाउसला उतरला आहात हे पोर्ट हॅलममध्ये सगळ्यांना माहीत आहे.

काल जेवताना मावशीला म्हटलं, "लोडी, सूप खारट झालंय का?"

"पुरावा अपुरा आहे," ती म्हणाली. तिने चमचाही लावला नव्हता. माझ्या माहितीत काल कुणालाही शिक्षा झालेली नव्हती.

ती त्या दोन ओळी लिहून तयार असणार. ती रडणार नाही, चिडणार नाही, तुझ्याविषयी एक वाकडा शब्द बोलणार नाही. आत येईल, वाचेल आणि जाईल. तिने आयुष्यभर जे जे सोडलं त्यात आणखी एक. पण यावेळी तिच्याबरोबर ओडेसाबाईलाही सोडावं लागेल, ते तिला गिळवणार नाही.

घरच्या कुणीही आपल्या कोर्टात यायचं नाही, असा तिचा पहिल्या दिवसापासूनचा हुकूम आहे. तो मी इतकी वर्षं पाळला. उद्या मोडणार आहे. शेवटच्या बाकावर बसेन. तू जे करशील ते माझ्या डोळ्यांसमोर कर.

आई


पोर्ट हॅलम
२२ ऑक्टोबर

कॅझ,

तू कालपासून फोन करतो आहेस आणि मी उचलत नाही. रुसलेली नाही. मला बोलताना रडू आलं असतं, आणि रडणाऱ्या बायकाही मला आवडत नाहीत. म्हणून लिहिते. तू तिथेच होतास, तरी माझ्या बाकावरून काय दिसलं ते सांगते.

"सर्व उठा" म्हटलं तेव्हा मी माझ्या बहिणीसाठी पहिल्यांदा उठून उभी राहिले. काळ्या झग्यात ती लहान दिसते. तिने मला पाहिलं. भुवईसुद्धा हलली नाही, पण तिच्या हातात एकच कागद होता, आणि तो तिने टेबलावर पालथा ठेवला, ते मी पाहिलं.

मग वकिलांनी एकेक करून नावं सांगितली. मिस्टर अझार. तुमच्याकडचे चार, एकापेक्षा एक सुंदर सूट. मग तू. तुझा टाय वाकडा होता.

"कॅसिमिर म्रोझ. न्यायाधीश महाराज, मी माझं नाव काढून घेण्याची परवानगी मागतो."

तुझ्या साहेबाने तुझी बाही धरली. तू ती सोडवून घेतलीस. रागाने नाही, लहान मुलाचा हात सोडवावा तशी.

"तुमच्या अशिलाची संमती आहे?" मावशीने विचारलं. तोच आवाज, ज्या आवाजात ती मला मीठ मागते.

"नाही."

"कारण?"

"मला ज्या कामासाठी घेतलं ते वकिलीचं काम नाही. फर्मचा राजीनामा मी आज सकाळी दिला आहे."

"अशिलाची बाजू मांडायला दुसरे वकील हजर आहेत?"

"चार आहेत. चारही माझ्यापेक्षा हुशार."

"कोर्टाने एवढं विचारलं नव्हतं, मिस्टर म्रोझ. परवानगी दिली. आपण जाऊ शकता."

साहेब ताडकन उठला. नातं तर होतंच, संशयाला जागा आहेच, असं काहीबाही बोलायला लागला. मावशीने त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "काल होतं, वकीलसाहेब. आज त्या टेबलाशी माझं कुणीही बसलेलं नाही. तुम्ही बसा. मिस्टर अझार, तुमच्या साक्षीदाराला दुपारी डायलिसिसला जायचं आहे असं कळलं. भाषणं नंतर होतील. त्यांना आधी बोलवा."

तू मधल्या वाटेने आलास, माझ्या बाकापाशी थबकलास, आणि मी येईन म्हणून दाराशी थांबलास. मला ते दिसलं. मी उठले नाही.

नोकरी गेलेल्या मुलाच्या मागे कुठलीही आई धावली असती. पण तेवढ्यात ओडेसाबाई अझारांच्या हाताला धरून त्या खुर्चीकडे निघाली होती. वाटेत दोनदा थांबली. बसली, हॅट काढून मांडीवर ठेवली, आणि शपथेसाठी उजवा हात वर केला. "माझं नाव ओडेसा पेटीफोर्ड," ती म्हणाली, "आणि ते पाणी मी माझ्या हाताने ओतलं." मावशीने पालथा कागद बाजूला सारला आणि पेन उघडलं.

तू ज्या बाईसाठी उठलास, तिचं म्हणणं तुझ्या वतीने कुणीतरी ऐकायला हवं होतं. म्हणून मी बसून राहिले आणि शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.

आई